सात वर्षं अकाउंट्स केलं, रेझ्युमेत मात्र चारच ओळी होतात

रोजमेळ_इचल · ४ ऑक्टोबर २०२५

नमस्कार मंडळी. मी मूळची इचलकरंजीची, जूनपासून चिंचवडला. मिस्टरांना इकडं नोकरी लागली म्हणून आलो. तेव्हापासून अकाउंट्सची नोकरी शोधतेय. पन्नासच्या वर ठिकाणी अर्ज केले, फोन आले तीन. एक निघाला विमा विकायचा, दुसऱ्यानं रजिस्ट्रेशनचे पंधराशे मागितले, तिसऱ्यानं 'सॅप (मोठ्या कंपन्यांचं हिशेबाचं सॉफ्टवेअर) येतं का' विचारलं आणि नाही म्हटल्यावर 'ओके मॅम' म्हणून ठेवून दिला.

माझं असं आहे. बी.कॉम. २०१७, शिवाजी विद्यापीठ, फर्स्ट क्लास. एमएस-सीआयटी आणि टॅलीचा कोर्स झालाय. जून २०१७ ला एका सूत व्यापाऱ्याच्या पेढीवर लागले आणि १ जुलैला जीएसटी आला, म्हणजे जीएसटी आणि मी बरोबरच कामाला लागलो. तिथं सप्टेंबर २०१९ पर्यंत होते. ऑक्टोबर २०१९ पासून एका सीएंच्या ऑफिसात. मधे मुलगी झाली, म्हणून एप्रिल २०२१ ते मे २०२२ घरी. जून २०२२ ला परत त्याच ऑफिसात, ते मे २०२५ पर्यंत.

रेझ्युमे नेट कॅफेवाल्या दादानं करून दिलाय, दोन पानी. वर फोटो. मग 'ऑब्जेक्टिव्ह', त्यात आव्हानात्मक वातावरणात काम करून स्वतःचा व संस्थेचा विकास वगैरे. मग 'सात वर्षांचा अनुभव' आणि खाली चार ओळी: मेंटेनिंग बुक्स ऑफ अकाउंट्स, जीएसटी रिटर्न फायलिंग, टीडीएस, बँक रिकन्सिलिएशन. मग शिक्षणाचा तक्ता दहावीपासून. मग वडिलांचं नाव, जन्मतारीख, धर्म, लग्न झालंय का, छंद (वाचन, रांगोळी), आणि शेवटी 'वरील माहिती सत्य आहे' अशी प्रतिज्ञा. सासूबाई म्हणाल्या, एवढ्यात उंची आणि रास घातली की स्थळाला पाठवता येईल.

मला खरंच कळत नाही, त्या चार ओळींपलीकडं लिहायचं काय? काम तर तेवढंच केलंय की. क्लायंटची नावं टाकू का? मधले चौदा महिने लपवू का? आणि पिंपरीत एक क्लास तीन महिन्यांच्या सॅपचे चाळीस हजार सांगतोय, करू का?

---

सातवा_वेतन · ४ ऑक्टोबर

कॅनव्हावर भारी टेम्प्लेट मिळतात. दोन कॉलमचं घ्या, डाव्या बाजूला रंग, स्किलला स्टार रेटिंग. एचआरचं लक्ष आधी दिसण्याकडे जातं. बाकी मजकूर चॅटजीपीटीकडून घ्या, पाच मिनिटांचं काम.

---

भोसरीकर · ४ ऑक्टोबर

ताई, टेम्प्लेटचं आधी बाजूला ठेवा. 'टॅली'पुढे पाचपैकी चार चांदण्या रंगवलेले रेझ्युमे मी दरवर्षी पाहतो. पाचवी चांदणी कुठल्या व्हाउचरला अडकली, असं विचारायचा मोह होतो.

मी भोसरी एमआयडीसीत सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात अकाउंट्स बघतो, बावीस वर्षं झाली. एचआर वेगळं आहे, पण अकाउंट्सच्या जागेचे कागद शेवटी माझ्याच टेबलावर येतात. मागच्या एप्रिलमध्ये एका जागेसाठी एकशे सत्तर-ऐंशी आले होते. त्यातल्या निम्म्यांचं वरचं नाव बदललं असतं तरी मला फरक कळला नसता. तुमच्या त्या चार ओळी मला पाठ आहेत.

एक गोष्ट समजून घ्या. अकाउंट्सचा माणूस रेझ्युमे वाचत नाही, तपासतो. पेन्सिल घेऊन टिका मारत खाली येतो, सवयच तशी. आता तुमचाच बघा. वर 'सात वर्षांचा अनुभव'. खाली तारखा. पेढीचे २८ महिने, ऑफिसचे आधी १८, नंतर ३६. बेरीज ८२, म्हणजे ६ वर्षं १० महिने. दोन महिन्यांनी काही बिघडत नाही, पण मथळा आणि तपशील जुळत नाहीत हे मला दिसलं, आणि पुढची प्रत्येक ओळ मी संशयानं बघणार. वर्षांचा आकडा लिहूच नका किंवा बरोबर लिहा. एका पोरानं २०१५ पासून जीएसटीचा अनुभव लिहिला होता. बिचाऱ्याला व्हॅट म्हणायचं असेल. त्याला फोन गेला नाही.

आता मुख्य मुद्दा. 'जीएसटी रिटर्न फायलिंग' या तीन शब्दांनी मला काहीच कळत नाही. पोर्टलवर बटण दाबायला आठ दिवसांत कुणीही शिकतं. ११ तारखेला आर-१ (विक्रीचं विवरण) जातं, १४ ला २बी (पुरवठादारांनी दाखवलेल्या आपल्या खरेदीची पोर्टलवरची यादी) येतं, २० ला ३बी (कर भरायचं विवरण). त्या १४ ते २० मध्ये तुम्ही काय करता, ते मला कागदावर पाहिजे. खरेदीचं बिल आपल्या वहीत आहे आणि २बीत नाही. का नाही? समोरच्यानं भरलंच नाही, की आपला जीएसटी नंबर चुकीचा टाकला, की बिल पुढच्या महिन्यात दाखवलं? फोन कुणी लावला? क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, या महिन्यात घ्यायचं नाही, हे मालकाला सांगायची हिंमत कुणी केली? अकाउंटंटची लायकी त्या सहा दिवसांत ठरते, आणि नेमकं तेच कुणी लिहीत नाही, कारण प्रत्येकाला वाटतं की हे तर रोजचंच आहे.

बँक रिकन्सिलिएशनचंही (आपली वही आणि बँकेचं स्टेटमेंट जुळवणं) तसंच. किती खाती? चालू की कॅश क्रेडिट (सीसी, म्हणजे माल आणि येण्याच्या तारणावरचं कर्जखातं)? सीसी असेल तर दर महिन्याचं स्टॉक स्टेटमेंट बँकेला कोण देत होतं? ते तुम्ही करत असाल तर ती स्वतंत्र ओळ आहे, कारण ते करणाऱ्याला साठा, येणं आणि देणं तिन्ही कळतं.

दुसरं, तुम्ही कुठपर्यंत जाता? कुणी एन्ट्रीपर्यंत जातो. कुणी तेरीज (ट्रायल बॅलन्स) जुळवून देतो. कुणी घसारा, तरतुदी (बिल यायचं बाकी असलेल्या खर्चाची अंदाजे नोंद), शिल्लक माल घेऊन ताळेबंद सीएंच्या सहीसाठी तयार ठेवतो. कुणी टॅक्स ऑडिटच्या ३सीडी फॉर्मची माहिती काढून देतो. या चार पायऱ्यांत पगाराचा फरक आहे. तुम्ही कुठल्या पायरीवर उभ्या आहात, ते पहिल्या चार ओळींत दिसू द्या. आणि ताळेबंद साहेबांनी केला, तुम्ही मदत केली असेल तर 'मदत केली' असंच लिहा. त्यात लाज नाही. 'इंडिपेंडंटली हँडल्ड फायनलायझेशन' लिहिणाऱ्याला मी एवढंच विचारतो, अंदाजे लावलेली तरतूद पुढच्या वर्षी उलटवली नाही तर काय होतं? बरेच जण तिथंच पाणी मागतात.

तिसरं, आकार. 'एका पेढीवर काम केलं' म्हणजे महिन्याला वीस बिलं की दोन हजार? मला उलाढालीचा साधारण आकडा, महिन्याची बिलं, अकाउंट्समध्ये तुम्ही किती जण होता, एवढं कळलं की माझ्याकडचा ताण तुम्हाला पेलेल का याचा अंदाज येतो.

क्लायंटची नावं अजिबात नकोत. त्यांनी सीएंवर विश्वासानं वह्या टाकल्या, त्या तुमच्या रेझ्युमेत यायला नकोत. जी बाई जुन्या ठिकाणची नावं-आकडे सांगत फिरते ती उद्या माझेही सांगेल, असं माझ्या मनात येणारच. धंदा लिहा: सायझिंग (सुताला खळ लावणं), यंत्रमाग, सूत व्यापार, पतसंस्था असतील तर पतसंस्था.

टीडीएसच्या ओळीत नुसते कलमांचे आकडे लिहू नका. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा, त्यात कलमांची मांडणी वेगळी. 'ठेकेदार, व्यावसायिक फी, भाडे यांची कपात, दर महिन्याच्या ७ तारखेचा भरणा, तिमाही विवरणपत्र' असं लिहिलंत तर दोन वर्षांनीही तो कागद चालेल.

हे सगळं मी मराठीत लिहितोय, तुम्ही इंग्रजीत कराल. इंग्रजी साधं ठेवा. 'रिस्पॉन्सिबल फॉर'नं ओळ सुरू करू नका. कशाला जबाबदार होता ते नको, काय केलंत ते हवंय.

आज रात्री बसा आणि आकडे काढा. इथे टाका. मग बघू.

---

पिंपरीची_कन्सल्टंट · ५ ऑक्टोबर

भोसरीकर सरांच्या टेबलापर्यंत कागद पोचायचा तर आधी तो माझ्यासारखीच्या हातून जावा लागतो. मी अकाउंट्स आणि फायनान्सच्याच जागा भरते, तर माझ्या बाजूचं सांगते.

नोकरी डॉट कॉमवर मी कुणाचा रेझ्युमे उघडून वाचत बसत नाही. आधी शोध टाकते: 'अकाउंटंट, टॅली प्राइम, जीएसटीआर-३बी, टीडीएस, पिंपरी-चिंचवड, ३ ते ८ वर्षं.' तुमच्या कागदात नुसतं 'जीएसटी' आणि 'टॅली' असेल आणि प्रोफाइलवर गाव अजून इचलकरंजी असेल, तर तुम्ही यादीत खाली जाता किंवा येतच नाही. पन्नास अर्जांना तीन फोन, यात या गावाच्या रकान्याचा हात असणार अशी माझी पैज. आज बदला. उपलब्धता 'लगेच' टाका, नोटीस पीरियड नाही ही तुमची जमेची बाजू आहे.

दोन कॉलम, रंगीत पट्टे, चौकटी नको. मशीन वाचताना डावं-उजवं एकत्र करतं आणि टॅली तुमच्या छंदात जाऊन बसतं. एक कॉलम, साधा फॉन्ट, वर्ड किंवा पीडीएफ. फाइलचं नाव 'न्यू रेझ्युमे फायनल २' असं नको, स्वतःचं नाव आणि 'अकाउंटंट' एवढं पुरे. अनुभव सातच्या आत आहे, एक पान खूप झालं, सव्वा झालं तरी कुणी मारत नाही.

फोटो, धर्म, वडिलांचं नाव, लग्न, प्रतिज्ञा, सगळं काढा. दहावीचा तक्ताही. (पॅन आणि आधार नंबर टाकणारेही भेटतात. टाकला असेल तर आजच्या आज काढा, तो कागद कुणाकुणाकडे जातो याचा पत्ता नसतो.) रांगोळी मला आवडते, पण काढा.

चौदा महिने लपवू नका. लपवायचं म्हणजे तारखा ओढून जोडायच्या, आणि त्या अनुभवपत्राशी जुळत नाहीत तेव्हा खरं कारण सांगूनही उपयोग होत नाही. एक ओळ: 'एप्रिल २०२१ ते मे २०२२, बाळंतपण व संगोपन.' आणि पुढची ओळ तुमच्यासाठी बोलतेय की: त्याच ऑफिसनं परत बोलावलं. हे मुद्दाम दिसू द्या. नको असलेल्या माणसाला कुणी परत घेत नाही.

आणि पंधराशे मागणाऱ्याला दिले नाहीत ना? उमेदवाराकडून पैसे मागणारा कन्सल्टंट दिसला की फोन ठेवायचा. आमचे पैसे कंपनी देते.

एक विचारायचं होतं. पगार रोखीत होता का खात्यात? लहान ठिकाणी स्लिप नसते, म्हणून विचारते.

---

थ्री_वे_मॅच · ५ ऑक्टोबर

वेगळं मत मांडतो. मी खराडीत एका शेअर्ड सर्व्हिस सेंटरला आहे, परदेशी कंपनीची देणी बघतो. आमच्याकडे टॅली आणि ३बी कुणी विचारत नाही. इथं शब्दच वेगळे: प्रोक्योर टू पे (खरेदीपासून पैसे देईपर्यंत), ऑर्डर टू कॅश (ऑर्डरपासून वसुलीपर्यंत), रेकॉर्ड टू रिपोर्ट (नोंदीपासून अहवालापर्यंत). रेझ्युमेत ते नसतील तर शोधात येणारच नाही. पण काम बघितलं तर ताईंनी पेढीवर केलेलंच. खरेदीची ऑर्डर, माल आल्याची पावती आणि बिल, तिन्ही जुळवून मग पैसे सोडायचे. त्यालाच इथं थ्री वे मॅच म्हणतात. पेढीवर सुताच्या गाठी मोजून चलन जुळवत असाल तर तुम्ही तेच केलंय, फक्त नाव माहीत नव्हतं.

सॅपचा कोर्स मात्र करा असं म्हणेन. पगार आणि सुट्ट्या दोन्ही बऱ्या.

---

भोसरीकर · ५ ऑक्टोबर

नाव देण्याचं पटलं. सॅपचं अर्धंच पटलं. क्लासात मिरो आणि एफबी६० या सॅपमधल्या बिल नोंदवायच्या कमांड पाठ करून आलेली पोरं माझ्याकडे येतात. मी विचारतो, मार्चची वही बंद झाल्यावर मार्चचं ट्रान्सपोर्टचं बिल हातात आलं, काय करशील? स्क्रीनवर काय दाबायचं ते सांगतात, तरतूद करून ठेवायला हवी होती हे सांगत नाहीत. चाळीस हजार मिस्टरांच्या नव्या नोकरीच्या पहिल्या वर्षात थोडे नाहीत. आधी टॅलीवाल्या कारखान्यात शिरा, आमच्या पट्ट्यात कमी नाहीत. सॅप तिथं मिळालं तर पगार घेऊन शिकाल.

कोर्स केलाच तर रेझ्युमेत 'प्रशिक्षण' खाली लिहा, 'अनुभव' खाली नाही.

---

रोजमेळ_इचल · ७ ऑक्टोबर

सगळ्यांचे आभार. पंधराशे दिले नाहीत. प्रोफाइलवर गाव खरंच इचलकरंजीच होतं! बदललं.

पगार पेढीवर रोख होता, सही करून घ्यायचे. सीएंच्या ऑफिसात खात्यावर यायचा, स्लिप नव्हती. काल साहेबांना फोन केला. अनुभवपत्र लेटरहेडवर देतो म्हणालेत, तारखांसकट, मधल्या सुट्टीसकट.

दोन रात्री मुलगी झोपल्यावर जुनी डायरी घेऊन बसले. आकडे असे निघाले. ऑफिसात माझ्याकडं जीएसटीचे ४० क्लायंट. त्यातले २१ दर महिन्याचे, १७ तिमाहीचे. टीडीएस १४ जणांचं. टॅक्स ऑडिटची ६ कामं दरवर्षी माझ्याकडं असायची, म्हणजे टॅली स्वच्छ करणं, कर्जाच्या आणि येणेकऱ्यांच्या खात्यांना दुजोरा मागवणं, ३सीडीचे तक्ते काढणं. ताळेबंदावर शेवटचा हात साहेबांचाच.

पेढीवर महिन्याला साधारण साडेतीनशे बिलं, ई-वे बिल (माल वाहतुकीसाठी पोर्टलवरून काढायचा कागद) मीच काढायचे. सायझिंगला जॉबवर्कला गेलेल्या सुताची चलनं आणि आयटीसी-०४ (त्याच मालाचं जीएसटी विवरण) पण. तीन बँक खाती, त्यातलं एक सीसी, स्टॉक स्टेटमेंट मी करायचे आणि शेठ सही करायचे.

आणि १४ ते २० चं विचारलंत म्हणून सांगते. २०२३-२४ ला एका सूत व्यापाऱ्याच्या वहीत आणि २बीत फरक लागत गेला. वर्षअखेर मी सगळी खरेदी एक्सेलमध्ये घेऊन बिलागणिक लावली, तर ११ पुरवठादारांकडं मिळून ३ लाख ८४ हजारांचं क्रेडिट अडकलेलं. दोन महिने फोन केले. कुणी बिल बीटूसीत (नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकांच्या विक्रीत) टाकलेलं, कुणी जुन्या नंबरवर. ९ जणांनी दुरुस्त केलं, ३ लाख १२ हजार आले. साहेबांनी त्या दिवशी ऑफिसात कचोरी आणली होती. हे लिहायचं असतं का? हे तर कामच होतं.

---

भोसरीकर · ७ ऑक्टोबर

ताई, ही ओळ सगळ्यात वर. ऑब्जेक्टिव्ह फेकून द्या आणि तिथं हे आणा.

पण पेन्सिल थांबली. २१ आणि १७ मिळून ३८. बाकीचे दोन कुठं?

---

रोजमेळ_इचल · ७ ऑक्टोबर

अय्यो. ते दोघं कंपोझिशनचे (लहान धंद्यांची ठोक कराची योजना) हो, एक खानावळ आणि एक किराणा. त्यांचं सीएमपी-०८ हे विवरण तिमाहीला. मी त्यांना मोजलं पण खाली लिहिलंच नाही.

---

भोसरीकर · ७ ऑक्टोबर

बरं झालं, इथंच सापडलं. आता लिहा. माझ्या डोळ्यांसमोर साधारण असं आहे, इंग्रजी तुमचं:

अकाउंटंट, चिंचवड. टॅली प्राइम, जीएसटी, टीडीएस, ऑडिटपर्यंतची वही. लगेच रुजू होऊ शकते.

सीए ऑफिस, इचलकरंजी (ऑक्टोबर २०१९ ते मार्च २०२१, आणि पुन्हा जून २०२२ ते मे २०२५). ४० नोंदणीकृत व्यावसायिकांचा जीएसटी: २१ मासिक, १७ तिमाही, २ कंपोझिशन. एका सूत व्यापाऱ्याच्या २०२३-२४ च्या खरेदीची २बीशी बिलनिहाय जुळणी केली. ११ पुरवठादारांकडे अडकलेल्या ३.८४ लाखांपैकी ३.१२ लाखांचं क्रेडिट मिळवून दिलं. १४ जणांची टीडीएस विवरणपत्रं. दरवर्षी ६ टॅक्स ऑडिटची वही आणि ३सीडीचे तक्ते तयार केले. अंतिम ताळेबंदात मदत.

पेढीचंही याच चालीवर: बिलं, ई-वे बिल, जॉबवर्कची चलनं, तीन खाती, सीसीचं स्टॉक स्टेटमेंट. तिथं तीन ओळी पुरेत. शिक्षण दोन ओळींत. एक्सेलमध्ये 'ॲडव्हान्स्ड' लिहू नका, जे वापरलं ते लिहा: व्हीलुकअप, सम-इफ्स, पिव्हट. पिव्हट येत नसेल तर आधी शिका, मग लिहा. एक रविवार पुरतो.

'सात वर्षं' कुठंही नको. तारखा बोलतील.

---

पिंपरीची_कन्सल्टंट · ८ ऑक्टोबर

छान झालंय. खराडीवाल्यांचं ऐकून दुसरी प्रत करा, त्यात पेढीचा भाग वर आणि 'इन्व्हॉइस मॅचिंग', 'व्हेंडर रिकन्सिलिएशन' हे शब्द. खोटं काही नाही त्यात, फक्त समोरच्याच्या भाषेत. एकच कागद सगळीकडे पाठवायचा हट्ट सोडा. अपेक्षित पगार रेझ्युमेत लिहू नका, फोनवर विचारतील तेव्हा सांगा.

आणि मोबाइल नंबर तोच ठेवा काही महिने. लोक नवीन शहरात आले की सिम बदलतात आणि आम्ही जुन्यावर फोन लावत बसतो.

---

सातवा_वेतन · ८ ऑक्टोबर

बरं, चांदण्या मागे घेतो.

---

रोजमेळ_इचल · १८ नोव्हेंबर २०२५

दिवाळीनंतर लिहिते म्हटलं होतं. नवीन कागद तेवीस ठिकाणी पाठवला, फोन आले आठ. त्यातल्या दोन ठिकाणी जाऊन आले. चाकणच्या एका पॅकिंग कंपनीत झालं. १ डिसेंबरला हजर व्हायचं. पगार २६ हजार, शनिवार अर्धा. घरापासून बस आहे.

मुलाखत म्हणजे मोठी गंमत. त्यांच्या अकाउंट्सच्या मॅडमनी आधी लॅपटॉप दिला, खरेदीचं रजिस्टर आणि २बी दोन शीटवर, चाळीस मिनिटं. बिल नंबरात कुठं आडवी रेघ, कुठं नाही, म्हणून व्हीलुकअप लागतच नव्हतं. इचलकरंजीत तेच नाटक रोज बघितलेलं, आधी रेघा काढून टाकल्या आणि मग लावलं. मग त्यांनी माझा कागद घेतला, ११ पुरवठादारांच्या ओळीवर बोट ठेवलं आणि पुढची पंचवीस मिनिटं दुसरं काही विचारलंच नाही. सॅपचं नावही निघालं नाही. त्यांच्याकडं टॅलीच आहे.

पिव्हट दोन रविवार लागले, भोसरीकर सर.

---

भोसरीकर · १८ नोव्हेंबर

अभिनंदन ताई. पण ३ लाख ८४ मधून ३ लाख १२ गेले, ७२ हजार उरतात. त्या दोघांचं काय झालं ते इथं कधी सांगितलंच नाहीत. महिनाभर डोक्यात आहे.

---

रोजमेळ_इचल · १९ नोव्हेंबर

मॅडमनी पण पहिला प्रश्न हाच विचारला होता! एकाचं रजिस्ट्रेशनच रद्द झालेलं, तिथले ४६ हजार बुडाले. दुसरा 'उद्या भरतो ताई' म्हणत राहिला आणि क्रेडिट घ्यायची ३० नोव्हेंबरची मुदत गेली. आमच्या त्या सूत व्यापारी क्लायंटनी त्याच्या पुढच्या बिलातून २६ हजार कापून घेतले. सिम बदललं नाही ना मी, तो अजून मलाच फोन करतोय, पैसे कधी सोडताय म्हणून.